तक्ता देण्याआधी

प्रिय मुली,

तू पाठवलेला आहाराचा तक्ता नीट वाचला. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार आटोपून घरी निघालेल्या बायकांसाठी तू आहारतज्ज्ञ म्हणून तो केलास आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यात बोट ठेवायला जागा नाही. ओट्स, ब्रोकोली, किन्वा, जवस, ग्रीन टी. पण परळच्या हॉस्पिटलातून निघालेली डोंबिवलीची बाई लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तो एकदा वाचेल, घडी घालून पर्समध्ये ठेवेल, आणि संपलं. ब्रोकोली तिच्या स्टेशनबाहेरही मिळते, नाही असं नाही. पण पाच माणसांच्या भाजीला ती किती लागते, परवडते का, पोरं तोंडात तरी घेतात का, हे आपण तिला विचारलंच नाही.

म्हणून तक्ता जरा बाजूला ठेव. आधी विचार, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत?" उत्तर ठरलेलं आहे: "आपलं नेहमीचंच, सगळे खातात तेच." तिथे थांबू नकोस. चहाबरोबर काय होतं? डब्यात पोळ्या किती? स्टेशनवर उतरल्यावर काही घेतलंत? रात्री वाढतं कोण, आणि तुम्ही कधी बसता? मग हळूहळू खरं ताट दिसायला लागतं. सकाळी चहा आणि खारी, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, पाचला परत चहा, रात्री सगळ्यांचं उरकल्यावर भात-आमटी. आणि आमटी म्हणजे काय, तर तळाशी डाव घालून काढलेली डाळ नवऱ्याच्या आणि पोरांच्या वाटीत गेलेली, हिच्या वाटीत वरचं पाणी.

केमोनंतर हे पाणी महागात पडतं. बऱ्याच जणींचं वजन वाढलेलं असतं. स्टेरॉइड, अवेळी थांबलेली पाळी, महिनोन्‌महिने घरात बसून राहणं, कारणं अनेक. काटा पुढे सरकतो आणि आतून स्नायू झिजलेले असतात. जिना चढताना ते कळतं. घरच्यांना मात्र दिसतो तो अशक्तपणा. मग डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा, भिजवलेले बदाम मूठमूठभर. त्या मायेला नावं ठेवायची नाहीत. लाडू एक खा म्हणावं, पण प्रत्येक जेवणात अंडं, मोडाची मटकी, दही, पनीर, मासळी यांतलं काहीतरी हवंच. 60 किलोच्या बाईला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात, एका अंड्यातून मिळतात सहा. हा हिशेब तुझ्याजवळ ठेव. तिला ग्रॅम सांगू नकोस, वाटी सांग: घट्ट वरण आधी एक वाटी स्वतःसाठी काढून ठेवायचं, मग उरलेल्यात पाणी घालून फोडणी द्यायची. नवरा किंवा सासूबाई बरोबर आल्या असतील तर हे त्यांच्यासमोरच सांग. एकटीला सांगितलंस तर घरी जाऊन ती अमलात आणणार नाही.

आता भीतीचं. "माझ्या खाण्यात काय चुकलं म्हणून हे झालं?" हा प्रश्न कधी उघड येतो, कधी डोळ्यांतून. अमुक खाल्लं म्हणून हिला कॅन्सर झाला, असं एका बाईकडे बोट दाखवून कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा तूही तिच्यावर तसा संशय येऊ देऊ नकोस, "बाहेरचं फार खात होता का?" असल्या प्रश्नातूनसुद्धा. अमेरिकेत तीन हजारांवर बायकांवर एक मोठी चाचणी झाली. सगळ्यांचे उपचार झालेले होते. एका गटाला भरपूर भाज्या-फळं आणि अगदी कमी चरबी असा कडक आहार दिला, दुसऱ्या गटाला नेहमीचा चांगला आहार घ्या एवढंच सांगितलं. 2007 साली निकाल आला. सात वर्षांनंतर रोग परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. मला तरी हा निकाल दिलासा देणारा वाटतो. गव्हांकुराचा रस एक दिवस चुकला म्हणून रात्रभर जागणाऱ्या बायका असतात गं. चांगलं खायचं ते हृदयासाठी, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहण्यासाठी, हाडांसाठी. काही केमोंचा हृदयावर परिणाम होतो, हे तर तुला शिकवलंच आहे.

अफवांना तोंड द्यायची तयारी ठेव. साखर खाल्ली की गाठ वाढते, म्हणून फळं आणि भातसुद्धा सोडलेल्या बायका येतील. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोजवर चालते आणि तुम्ही साखर सोडलीत तरी शरीर ते तयार करतंच, असं समजाव. चहातली साखर कमी करायची ती वजनासाठी आणि मधुमेहासाठी. सोयाने रोग परत येतो, ही भीतीही तशीच: सोयाबीनची भाजी, टोफू, पिठात मिसळलेलं थोडं सोया चालतं, सोयाच्या अर्काच्या गोळ्या नकोत. हळद मात्र जपून हाताळ. भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद ठीक. पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल टॅमोक्सिफेनची, म्हणजे रोग परत येऊ नये म्हणून दिलेल्या गोळीची, रक्तातली पातळी कमी करू शकतात, आणि "नैसर्गिक आहे" म्हणून बायका त्या डॉक्टरांना सांगतही नाहीत. आणलेली सगळी औषधं पिशवीसकट टेबलावर ठेवायला सांग. काढे, चूर्ण, पुड्या, सगळं. रागावू नकोस, रागावलीस तर पुढच्या वेळी पिशवी घरी राहील.

दारूबद्दल सगळ्यांना विचार. "या कुठल्या पिणार" असं गृहीत धरू नकोस. स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोड्या दारूनेही वाढतो, एवढं सरळ सांगून पुढे जा.

हाडांसाठी दोन मिनिटं जास्त दे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी करणाऱ्या गोळ्यांपैकी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असेल तर हाडं विरळ होतात. डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, झाली का ते फायलीत बघ. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 असतं, म्हणजे एका भाकरीतून त्याच्या निम्मं धर. त्यावर तिळाची चटणी, वाटीभर दही. मांसाहारी असेल तर काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली. तरीही गोळी लागू शकते, आणि ड जीवनसत्त्व तर ताटातून पुरेसं मिळत नाहीच. ते डॉक्टरांवर सोड. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधेही धरतात आणि कंटाळून बायका गोळ्याच बंद करतात. पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यायचं औषध आहे ते. "मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा," हे वाक्य आहारतज्ज्ञानेही म्हणायचं असतं. चालण्याने सांधेदुखी कमी होते हेही सांग.

चालायचं कुठे, असं विचारतील. शिवाजी पार्क सगळ्यांच्या दारात नसतं. चाळीची गॅलरी, सोसायटीची गच्ची, एक स्टॉप आधी उतरणं, काहीही चालेल. आठवड्याला 150 मिनिटं जमली तर उत्तम, सुरुवात दहा मिनिटांनी. हाताचं मात्र फिजिओथेरपिस्टकडे पाठव. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, म्हणून "आयुष्यात वजन उचलायचं नाही" असं पूर्वी सर्रास सांगायचे. 2009 साली एका चांगल्या अभ्यासात दिसलं की देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढत नाही. पण म्हणून पहिल्याच दिवशी भरलेला हंडा उचलायचा नाही. पाणी कमी प्यायल्याने हाताची सूज उतरत नाही, हेही सांगावं लागेल. वाढलेल्या वजनाचा मात्र या सुजेशी संबंध आहे.

श्रावण आणि नवरात्र आलं की उपासाचा विषय निघेल. "उपास करू नका" म्हणालीस की बाई मान हलवेल आणि घरी जाऊन करेलच. त्यापेक्षा उपासाचं ताट बदल. साबुदाण्याच्या खिचडीत सगळा पिठूळपणा. तिच्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा वरई, सोबत दाण्याची आमटी, ताक, एखादं फळ. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नाहीच. फळ म्हणजे किवी आणि ड्रॅगन फ्रूट असा समज भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी पसरवलाय. पेरूत किवीपेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं आणि तो फुटपाथवर मिळतो.

सगळ्याच बायकांना स्वतःचं स्वयंपाकघर असतं असंही नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून फॉलो-अपला येणाऱ्यांना भाकरीचा सल्ला देऊन काय करणार? त्यांच्यासाठी उकडलेली अंडी, फुटाणे, शेंगदाणे, दही, केळं, असा न शिजवता जमणारा वेगळा कागद कर. हिंदीत आणि बंगालीतही लागेल.

तुझा तक्ता टाकून देऊ नकोस. ओट्सच्या जागी नाचणी, किन्व्याच्या जागी राजगिरा, ब्रोकोलीच्या जागी त्या दिवशी मंडईत स्वस्त असेल ती पालेभाजी लिही आणि मागची बाजू कोरी सोड. काल काय खाल्लं हे तिने सांगितलं की तिच्यासमोरच त्या कोऱ्या बाजूवर दोन बदल लिहायचे. दोनच. पुढच्या वेळी तो कागद आणायला सांग.

तुझी,
मॅडम

ता. क. "पाणीपुरी कधी खाऊ?" असं कोणीतरी विचारणारच. केमो चालू असताना नाही. पांढऱ्या पेशी जागेवर आल्या आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की स्वच्छ ठिकाणी, कधीतरी, जरूर. वर्ष उलटून गेलं तरी मऊ खिचडीच खात बसलेल्या बाईला तर तू आपणहून विचार.