‘पासआउट’ झालो म्हणजे बेशुद्ध पडलो का?

प्रश्न: ‘मी २०१९ साली इंजिनिअरिंग पासआउट झालो’ असं बायोडेटात इंग्रजीतून लिहिलंय. मित्र म्हणतो, पासआउट म्हणजे बेशुद्ध पडणं. खरं काय?

उत्तर: तुमचा मित्र माझ्या साडूंच्या गोत्रातला दिसतो.

मी सातारकर. १९९६ ला बीएस्सी झालो आणि पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेलो. पहाटेची एसटी, खंबाटकीत पुढे ट्रक बंद पडलेला, तरी वेळेत पोचलो. पायात वडिलांचे फौजी बूट, रात्री जागून पॉलिश केलेले. समोर तिघं बसलेले. पाठ करून नेलेलं वाक्य म्हणून टाकलं, ‘आय पास्ड आउट इन नाइंटीन नाइंटी सिक्स.’ मधले टायवाले म्हणाले, ‘मग शुद्धीवर कधी आलात?’ तिघंही खदखदून हसले. मला विनोद कळलाच नाही, म्हणून मीही हसलो. ते हसणं अजून सलतं. पुढे टायट्रेशनवर साधा प्रश्न आला, तोही गडबडला. नोकरी गेली.

रात्री घरी सांगितलं. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, बेळगावच्या सेंटरला तयार झालेले. जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, ‘मग आमी बेळगावात पासआउट झालो तवा अख्खी तुकडी बेशुद्ध पडली व्हती व्हय?’

मला विचाराल तर वादाचा निकाल तिथंच लागला. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं म्हणजे ‘पास आउट’. खडकवासल्याला एनडीएची ‘पासिंग आउट परेड’ होते, तिथं कुणी कांदा फोडून नाकाला लावत नाही. आमच्या जिल्ह्यात तर हा शब्द घरातलाच. अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. फौजेतला शब्द कॉलेजात शिरला असं माझं मत, आणि शिरला ते बरंच झालं. नुसतं ‘पास’ झालो म्हणजे परीक्षा सुटली, ‘पासआउट’ झालो म्हणजे दाखला घेऊन बाहेर पडलो. एवढा फरक दाखवणारा दुसरा सुटसुटीत शब्द काढा बघू.

आता साडू. ते न्यू जर्सीत असतात आणि माझा मुलाखतीचा किस्सा दर लग्नात, जिलबी वाढली जात असताना, सांगतात. बायकोनं कधीतरी भोळेपणानं बहिणीला सांगितला, तो असा फिरला. त्यांच्या मते ‘प्रीपोन’ हाही शब्दच नाही. पोस्टपोन चालतं, मग तारीख अलीकडे घेतली तर काय म्हणायचं? ऑक्सफर्डच्या कोशात ‘प्रीपोन’ भारतीय इंग्रजी म्हणून छापलेला आहे, पण कोश उघडतो कोण. ‘कझिन ब्रदर’लाही हसतात. त्यांच्या इंग्रजीत दीर, मेव्हणा, भावजी सगळे एकाच पोत्यात, ‘ब्रदर इन लॉ’. साडूला वेगळा शब्द नाही, म्हणजे त्यांचं माझं नातं त्यांना तिथं धड सांगतासुद्धा येत नाही.

हां, एक राहिलं. बायोडेटा अमेरिकन कंपनीला जाणार असेल तर गपगुमान ‘ग्रॅज्युएटेड इन २०१९’ लिहा. तिकडच्या माणसाला पासआउट म्हणजे चक्कर येऊन किंवा पिऊन पडलेलाच दिसतो, त्याला बेळगाव कुठून माहीत असणार. मात्र तुमचा डिप्लोमा असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहू नका, ‘कम्प्लीटेड’ लिहा. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधरच. अमेरिकेत हायस्कूल संपलं तरी पोरगं ‘ग्रॅज्युएट’ होतं.

ते आम्हाला मागच्या वर्षी कळलं. साडूंनी मुलाचा झगा-टोपीतला फोटो पाठवला, खाली ‘आमचा चिरंजीव ग्रॅज्युएट झाला’. सासूबाईंनी किलोभर कंदी पेढे आणून अख्ख्या गल्लीत वाटले. शेजारच्या मास्तरांनी विचारलं, कशात झाला? त्यांना सांगता येईना, म्हणून मला फोन.

‘अहो, नातू कशात ग्रॅज्युएट झाला म्हणायचं?’

‘बारावीत,’ मी म्हणालो.