पाठवण्याआधी एकदा वाच

कपाशीच्या बोंडअळीवरच्या तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा काल रात्री पूर्ण वाचला, राजा. यवतमाळच्या शेतांत फिरून केलेली निरीक्षणं पक्की आहेत. ती केवळ मांडणीपायी परत यायला नकोत.

आधी जर्नल ठरव आणि त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना वाच. व्हँकुव्हर पद्धत असेल तर संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे लागतात, एपीए असेल तर आडनाव आणि साल. तू दोन्ही मिसळल्यात.

संदर्भ हाताने टाइप करू नकोस. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि लाइन, नेटवर्क दोन्ही गेलं तरी लॅपटॉपवर साठवलेले संदर्भ वापरता येतात. पण त्यातली माहितीही तपासावी लागते. माझ्या एका लेखात मूळ संशोधकाचं आडनावच चुकीचं उतरलं. छापून आल्यावर दिसलं, अजून सलतं. म्हणून प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, उघडून पाहा. मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलणं तर मला अजिबात पटत नाही.

अळीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत हवं. पहिल्यांदा पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असं पूर्ण, पुढे पहिल्या शब्दाचं फक्त आद्याक्षर.

आणि उत्पादन! आपण एकरी क्विंटल बोलतो, जर्नलला किलो प्रति हेक्टर लागतं. एकरी १ क्विंटल म्हणजे हेक्टरी सुमारे २४७ किलो. सगळे तक्ते नव्याने कर, शनिवारी घेऊन ये. सोबत बसून तपासू.