बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक मातीनं निघतं का?

प्रश्न : बोअरच्या पाण्यात लिटरला ०.०८ मिलिग्रॅम आर्सेनिक निघालं. दुकानदार म्हणतो, टाकीत बेंटोनाईट (एक चिकणमाती) टाका, फरक पडला नाही तर दुप्पट टाका. प्यायला, जनावरांना, भाताला चालेल का?

उत्तर : दुप्पट सोडाच, एकदाही टाकू नका. बेंटोनाईटच्या कणांवर ऋण भार, आर्सेनेटवरही, म्हणजे पाण्यातल्या आर्सेनिकच्या एका रूपावरही, ऋण भार. दोघांचं जमणार कसं? आर्सेनिक धरतं ते मातीतलं लोखंड. म्हणून उपयोगी पडते जांभ्याची तांबडी माती. डोस वाढवून मिळतो फक्त गाळ आणि तुंबलेलं ठिबक.

जांभ्याचा फिल्टरही क्रम चुकला की वाया. खोल बोअरच्या पाण्यात हवा नसते. त्यातलं आर्सेनिक बहुधा भाराविना असतं, मातीला धड चिकटत नाही. आधी क्लोरीन, म्हणजे त्याचं आर्सेनेट होतं; अर्धा तास थांबा, मगच फिल्टर. 'गाळून झाल्यावर ब्लीचिंग टाका' हा दुकानी सल्ला उलटा आहे. नितळ पाण्यावर भुलू नका. आर्सेनिकला रंग, वास, चव काही नाही. फिल्टरच्या मातीची आर्सेनिक धरायची ताकद संपली तरी पाणी तितकंच स्वच्छ दिसतं. आर्सेनिक तपासायच्या किटची पांढरी पट्टी पिवळी पडायला लागली की माती बदला. उकळू तर मुळीच नका, पाणी आटून प्रमाण वाढतं.

पिण्याची मर्यादा ०.०१, तुमचं आठपट. पिणं, रांधणं आजच बंद. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) मर्यादा जनावरांना ०.२, सिंचनाला ०.१, म्हणजे शेताचं पाणी गाळत बसू नका.

भाताचं दुखणं वेगळं. वाफा सतत तुंबलेला ठेवलात की मातीतलं लोखंड विरघळतं आणि त्यानं धरलेलं आर्सेनिक मुळांना मिळतं. पाळीपाळीनं ओलं-सुकं करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. छिद्रं पाडलेला पाइप वाफ्यात रोवा; आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमी उतरलं की पुढचं पाणी द्या. फुलोऱ्यात ताण नको. भेगा पडेपर्यंतही सुकवू नका, दाण्यात कॅडमियम वाढतं.



आणि फिल्टरची जुनी माती 'खत म्हणून टाका' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भाताच्या वाफ्यात तर नकोच नको. पाणी तुंबलं की धरलेलं आर्सेनिक परत सुटेल.