पदवी संपल्यावर वर्गातल्या मंडळींशी संपर्क कसा टिकवायचा?

एमबीए संपलं, कुणी घोडबंदरला, कुणी नेरुळला, आता भेटी कशा होणार, असं तुम्ही विचारलंय. व्हॉट्सॲप ग्रुप असू द्या, पण 'भेटूया रे कधीतरी' म्हणून कुणी भेटत नाही. वार आणि जागा कायमची ठरवा: दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा, ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतनसमोर. स्टेशनवरून चालत जाता येतं. वाशी-नेरुळवाल्यांना ट्रान्स-हार्बरची थेट लोकल आहे. चौघंच आले तरी भेट रद्द करू नका, माझ्या मते सगळं यावरच अडतं. नोकरी गेलेला मित्र ग्रुपवर गप्प असतो, पण तळ्याकाठी शेजारी बसला की मोकळा होतो. त्याला आवर्जून फोन करा. आणि हो, सगळ्यांचे खासगी ईमेल आत्ताच लिहून घ्या. कॉलेजचे पुढे बंद होऊ शकतात.