नाशिकला खाण नाही, मग हे गणित कशाला?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित उत्तम, पण इंजिनिअरिंग नको म्हणते. एक व्याख्यान ऐकून आल्यापासून 'जमिनीखालच्या खनिजाचा आकार गणिताने काढायचा' हेच डोक्यात घेतलंय. नाशिकला खाण नाही, आणि मुलीला खाणीत घेणार कोण? गणितात बीएस्सी, मग बीएड करावं असं मला वाटतं.
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : नमस्कार. शेजाऱ्याला पाणी दोनशे फुटांवर लागलं, मग आपल्याला कितीवर लागेल, हा हिशोब आपल्या जिल्ह्यात कोणी केला नाही? लेक म्हणते ते काम याच जातीचं आहे. फरक इतकाच, की इथे अंदाज चुकला तर नुकसान कोटींत जातं.

सपाट जमिनीवर तीन बोअर घेतले, असं समजा. दोन ठिकाणी खनिजाचा थर 40 मीटरवर लागला. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेपासून काटकोनात 100 मीटर दूर असलेल्या तिसऱ्यात तो 90 मीटरवर लागला. 100 मीटरला 50 मीटर उतार, म्हणजे थर साधारण 27 अंशांनी कललेला. तीन बिंदूंतून प्रतल काढायचं, हे तिच्या बारावीच्या सदिशांच्या धड्यातलंच गणित.

कल का लागतो? थर 60 अंशांनी झुकलेला असेल आणि उभ्या बोअरमध्ये खनिज 10 मीटर दिसलं, तर खरी जाडी 5 मीटरच भरते. कल न बघता हिशोब मांडणारा थर दुप्पट जाड धरून बसतो.

प्रत्यक्षात थर इतके सरळ नसतात. नागपूर-भंडाऱ्याकडचे मँगनीजचे थर घड्या पडलेले आहेत. दोन बोअरच्या मधे काय असेल, याचा अंदाज दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी 1951 च्या सुमारास सोन्याच्या खाणींतल्या नमुन्यांवरून संख्याशास्त्राने बांधला. फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी त्याला पक्की गणिती बैठक दिली आणि पद्धतीला क्रिगिंग नाव पडलं. जवळच्या नमुन्याला जास्त वजन, आणि खनिज ज्या दिशेने पसरलंय त्या दिशेच्या नमुन्याला आणखी जास्त. ती दिशा सॉफ्टवेअरला सांगावी लागते, आणि ती कळायला दगड वाचता यावा लागतो.

म्हणून नुसत्या गणिताच्या बीएस्सीला माझा विरोध आहे. भूशास्त्र आणि गणित एकत्र घेता येतील असं कॉलेज शोधा, पुण्याला जावं लागलं तरी चालेल. पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिऑलॉजिस्ट व्हायचं तर यूपीएससीची वेगळी परीक्षा असते आणि तिला भूशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी लागते. जोडीला पायथन ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र आत्तापासून.

मुलीच्या बाबतीतली तुमची शंका कालपर्यंत रास्त होती. 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी होती. 2019 मध्ये अटींसह ती सैल झाली. मॉडेलिंगचं, म्हणजे जमिनीखालच्या खनिजाचा आकार उभा करण्याचं काम बरंचसं संगणकावरच चालतं. तरी सुरुवातीला साइटवर राहून ड्रिलमधून निघालेले दगडाचे दंडगोल तपासावेच लागतात. ऊन, धूळ, आडगावचा मुक्काम हे सगळं आलं. ते तिला आधीच सांगा.

नोकरी मात्र नाशकात मिळेल असं धरून चालू नका. भारतीय खाण ब्युरो आणि मँगनीज काढणारी सरकारी कंपनी मॉयल, दोघांचीही मुख्यालयं नागपूरला आहेत. आपल्याकडे बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे जवळजवळ आडवे थर, त्यात धातूची खाण कुठली! पण पांडवलेणीच्या डोंगरात हे थर नीट दिसतात, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांतली झिओलाइट नावाची खनिजं मांडलेली आहेत. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडे तिला नेऊन आणा. दगडापाशी ती किती वेळ रेंगाळते, ते बघा आणि मला कळवा.