आधी निघणं विचार

अगं, तुझा मेसेज वाचला. चाचांनी दरवेळी केनियातल्या मोंबासाला गेल्याचं साल वेगळं सांगितलं म्हणून मुलाखत टाकून देतेयस? अजिबात टाकू नकोस. साल जुन्या पासपोर्टात मिळेल. चाचा सांगतात "मोठीच्या लग्नाआधी", "बाबा वारले त्या पावसात", आणि तेच तुला हवंय.

आणि पहिलं प्रकरण चाचांच्या लंडनला पोचण्यापासून का सुरू केलंस? ते काढ. आधी निघणं विचार, पोचणं मागाहून. स्थलांतराचा अभ्यास करणारा समाजशास्त्रज्ञ अब्देलमालेक सयाद आयुष्यभर हेच सांगत राहिला, १९३३ साली अल्जेरियात जन्मलेला, स्वतःच फ्रान्सला गेलेला. तिथे जो तो विचारायचा की हे लोक आमच्यात मिसळतात का, आणि हा म्हणायचा, अरे इथे यायच्या आधी हा माणूस कुठून तरी गेलाय, तिथली शेती गोऱ्यांच्या राज्यात कशी मोडली ते आधी बघा.

आपल्या कोकणच्या खाडीपट्ट्यातही कोणी हौसेने बोटीत बसलं नाही गं. राबायचं कुळाने आणि पिकातला वाटा खोताच्या, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या गावच्या जमीनदाराच्या घरी. आंबेडकरांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं, तोवर कोण गिरणीत, कोण आफ्रिकेत. १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला, आणि १९६८ ला ब्रिटनने घाईघाईत कायदा करून तिथल्या आशियाई लोकांना दार लावलं, हातात ब्रिटिश पासपोर्ट असूनसुद्धा! चाचा त्याच्या जरा आधी कसे पोचले हे विचारशीलच, पण आधी निघणं विचार.

मला सेमिनारात ऐकवलं होतं, या म्हाताऱ्यांच्या गोष्टी पुरे, आकडे आणा. नाही आणले. प्रमोशन लांबलं, लांबू दे म्हटलं, आणि बरोबरच केलं असं आजही म्हणतो. खंत वेगळीच आहे. हर्णैच्या एक आजी पेटीतली नवऱ्याची पत्रं मला वाचून दाखवायच्या, आणि पैशांचा आकडा आला की तेवढा बोटाने झाकून पुढे वाचायच्या. का ते विचारायला परत गेलो तोवर त्या गेल्या होत्या.

म्हणून सांगतो, वेळ घालवू नकोस. तुझ्या टिपणात चाचींचं एक वाक्य नाही, ते कसं काय? गावात मागे राहून घर, शेत, सासू त्यांनीच बघितली ना? त्यांना एकटीलाच भेट, चाचा बाहेर गेले असतील तेव्हा. रेकॉर्डर लगेच काढू नकोस, आधी बसू दे त्यांना. मग विचार, ते निघाले त्या दिवशी घरात काय काय झालं. उत्तर टाईप करून पाठव, भाषा सुधारत बसू नकोस, बोलल्या तशीच पाठव.