‘सगळं रक्त बाहेर येईल’ असे मूल म्हणते तेव्हा

रक्ततपासणीचे नाव काढले की मूल रडून गोंधळ घालते, जरासे खरचटले तरी आकांत करते आणि ‘काही होत नाही’ असे कितीही समजावले तरी ऐकत नाही, ही तक्रार पालकांकडून मी सतत ऐकते. अशाच एका सात वर्षांच्या मुलीचा अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

तिला मी शरीराची बाह्याकृती काढून दिली आणि रक्त कुठे असते ते रंगवायला सांगितले. तिने लाल खडूने तळपायापासून गळ्यापर्यंत सगळे अंग भरून टाकले.

“इथे सुई टोचली तर?”

“सगळं बाहेर येईल.”

“गुडघा फुटला तेव्हा का नाही आलं?”

“आईनं लगेच पट्टी लावली ना!”

तिच्या परीने हे अगदी सुसंगत होते. मुले जगाविषयीचे आडाखे स्वतःच बांधतात, हे बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचे म्हणणे मला पदोपदी पटते. तो आडाखा ऐकून न घेता दिलेला धीर वाया जातो.

पुढे आम्ही त्याच चित्रात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे बंदिस्त जाळे काढले. मग तिच्या कोपरावरच्या खपलीकडे बोट दाखवून मी विचारले, “ही कोणी लावली?” ती बराच वेळ खपली न्याहाळत राहिली आणि हळूच म्हणाली, “आतूनच आली?” रक्तातील प्लेटलेट नावाचे बारीक कण जमून, रक्त गोठून जखम बुजते, हे मग दोन वाक्यांत सांगता आले. तिच्या वीस किलो वजनाला सुमारे दीड लिटर रक्त असते आणि तपासणीला बहुधा काही मिलिलिटरच लागते, हेही तिने मानले. पण खरी शंका पुढेच होती.

“तेवढं कमीच राहणार ना?”

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि हाडांतील मज्जा नव्या पेशी अखंड घडवते, हे ऐकून तिने विचारले, “मी झोपले तरी?” भीतीची जागा कुतूहलाने घेतली की माझे निम्मे काम झाले, असे मी समजते.

रक्त पाहून भोवळ येणाऱ्या मुलांचे मात्र वेगळे असते. त्यांचा रक्तदाब एकाएकी उतरतो, म्हणून त्यांना आडवे झोपवूनच रक्त काढून घ्यावे आणि तसे आधी सांगून ठेवावे. ‘दुखणार नाही’ असे मात्र कोणत्याच मुलाला सांगू नये. सुई क्षणभर टोचेल, असे सांगून रक्त घेण्याची छोटी नळी आधीच दाखवावी.